न पाहिलेल्या कामाचा दाखला

धंदा बंद करून मला बरीच वर्षं झाली, तरी महिन्या-दोन महिन्यांनी एखादा तरुण दारात उभा राहतोच. हातात पेढ्यांचा पुडा, बगलेत फाइल. पुडा दिसला की मी ओळखतो, याला दाखला हवा आहे. इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टरचं लायसन काढायचं तर अर्जासोबत जाणकार माणसाचं पत्र लागतं, की या इसमाचं काम मी पाहिलेलं आहे आणि त्याच्या हाती लोकांची घरं द्यायला हरकत नाही. "काका, फक्त सही. मजकूर मी टाइप करूनच आणलाय," असं म्हणून तो कागद पुढे सरकवतो. मी कागद न वाचता परत देतो आणि विचारतो, "तुझं सगळ्यात वाईट काम कुठे आहे? आधी ते दाखव."

बरेचसे पुन्हा येत नाहीत. एकजण तर जाताना पेढेही उचलून घेऊन गेला. बायको म्हणते, तुम्ही उगाच पोरांचा अंत पाहता. पण हा खाष्टपणा मूळचा माझा नाही. तो मला धुळ्याच्या एका म्हाताऱ्याकडून मिळाला, आणि आयुष्यात ज्या दोन-चार गोष्टींचा मला खरोखर अभिमान वाटतो, त्यांतली पहिली म्हणजे त्या म्हाताऱ्याने मला लिहून दिलेलं पत्र.

आधी आमचा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. विजेच्या कामात दोन तऱ्हेची माणसं असतात, काम करणारी आणि सही करणारी. पट्ट्या ठोकणं, वायर ओढणं, बोर्ड बसवणं, विहिरीवर मोटार जोडणं हे सगळं वायरमन करतो. पण काम सुरक्षित आहे असा टेस्ट रिपोर्ट लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरच्या सहीने गेल्याशिवाय जोडणी मिळत नाही. मी वायरमन होतो. माझ्या डोक्यावरची सही होती आबांची.

आबा जळगावचे जुने कॉन्ट्रॅक्टर. अंगाने स्थूल, गुडघे गेलेले, तोंडात कायम पान. एकोणीसशे पासष्टच्या आगेमागे खानदेशात विहिरीविहिरीवर मोटारी बसायला लागल्या आणि आम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळेना. आबांना शेताच्या बांधावरून चालणं जमत नसे. मी संध्याकाळी काम आटोपून यायचो, रिपोर्टचा कागद पुढे ठेवायचो. ते विचारायचे, "भास्कर, तू बघितलंस ना?" मी हो म्हणायचो. "मग मी बघितलं," असं म्हणून ते सही ठोकायचे. आठ वर्षं हे असं चाललं. त्या विश्वासाने माझी छाती फुगायची. त्या वाक्यात काय जोखीम भरलेली आहे, हे कळायला मला सोनगीरपर्यंत जावं लागलं.

मला एक खोड होती. तेव्हा बोर्ड सागवानी लाकडाचे असत. पुढून पॉलिश, मागून कोरे. बोर्ड भिंतीवर चढवण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला मी पेन्सिलीने तारीख, अर्थिंगचं रीडिंग आणि माझं नाव लिहायचो. आबा हसायचे. "पाठीमागे कोण बघायला येतंय रे?" म्हणायचे. मीही हसायचो. पण कागदावर माझं नाव कुठेच जात नव्हतं, निदान लाकडावर तरी असावं, एवढीच त्यामागची हौस.

आठव्या वर्षी फाल्गुनात आबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला दुसरा बाप गेल्यासारखं झालं. सुतक फिटल्यावर मग दुसरी गोष्ट लक्षात आली. लायसन माणसाच्या नावाचं असतं, माणसाबरोबर जातं. त्यांच्या हाताखाली आम्ही चौघं होतो. मी, धुळ्याचे उस्मानभाई आणि पाचोऱ्याचे दोघे सख्खे भाऊ. चौघांच्या हातात हत्यारं होती आणि एकाचंही काम कायदेशीर नव्हतं. जळगावातल्या दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरने निरोप पाठवला, माझ्या सहीवर काम करा, आधी करत होतात तसं. म्हणजे आणखी आठ वर्षं, आणि शेवटी पुन्हा कागदावर भोपळा! मी ठरवलं, आता सही आपली. तिघं म्हणाले, तू लायसन काढ, आम्ही पावसाळ्यापर्यंत थांबतो. त्यापुढे थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि अर्जांची ही फेरी हुकली तर पुढची वर्षाने होती.

अर्जासोबत दोन पत्रं हवी होती. एक प्रतिष्ठित नागरिकाचं, दुसरं अशा इंजिनिअरचं की ज्याने अर्जदाराचं काम प्रत्यक्ष पाहिलं आहे.

पहिलं पत्र एका दिवसात मिळालं. जळगावच्या बाजारात एक राजस्थानी शेठजी होते, कापडाचे व्यापारी. त्यांच्या दुकानाचं वायरिंग मीच केलं होतं. "अरे भास्कर, तुझ्याबद्दल खराब लिहायचं तरी काय?" म्हणत त्यांनी मुनीमजींना मजकूर सांगितला. अर्जदार निर्व्यसनी आहे, आईवडिलांची सेवा करतो, आणि आमच्या दुकानात पंखे लावताना त्याने एकदाही चप्पल घालून गादीवर पाय ठेवला नाही. विजेबद्दल एक अक्षर नाही. पण शेठजींनी जे पाहिलं होतं तेच लिहिलं होतं, हे मला पुढे फार पटलं.

घोडं पेंड खात होतं ते दुसऱ्या पत्रापाशी. माझं आठ वर्षांचं काम पाहणारा आणि त्याची साक्ष देऊ शकणारा माणूस एकच होता, आणि त्याची रक्षा आम्ही मेहरूणच्या तलावात सोडून आलो होतो. बाकी इंजिनिअर लोकांना माझं नाव माहीत असायचं कारणच नव्हतं. उस्मानभाई म्हणाले, "धुळ्यात नाना आहेत. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले विजेचे इंजिनिअर. त्यांचं पत्र असलं तर पुढे कोणी शंका काढत नाही. फक्त ते पत्र देत नाहीत."

जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे घर सापडायला वेळ लागला नाही. नाना म्हणजे काटकुळी मूर्ती, पांढरं धोतर, वर शर्ट आणि शर्टाच्या खिशात वीज तपासायचा पेनासारखा टेस्टर. रिटायर होऊन आठ-दहा वर्षं झाली होती, पण टेस्टर सुटला नव्हता. मी बसलो आणि धंद्याच्या सवयीने नजर छताकडे गेली. या एवढ्या मोठ्या इंजिनिअरच्या घरात वायरिंग होतं पूर्वीच्या काळचं. वायरीवरचं कापडी वेष्टण भुरभुरलेलं, एका ठिकाणी तर वायर पट्टी सोडून लोंबत होती. माझी नजर त्यांनी पकडली.

"काय बघताय?"

"काही नाही नाना. वायर उतरलीय जरा."

"माहीत आहे. जन्मभर लोकांची कामं तपासली. आता स्वतःच्या घराला हात लावू द्यायला माणूस सापडत नाही," ते म्हणाले. मग माझा अर्ज वाचला, घडी घातली. "तुमचं काम मी पाहिलेलं नाही. मी न पाहिलेलं लिहीत नाही."

"मग पाहा ना, नाना."

मला वाटलं, चिडतील. पण ते उठले आणि आतून एक लाकडी पेटी घेऊन आले. अर्थ टेस्टर होता तो, हाताने दांडा फिरवायचा, जुन्या बनावटीचा. फडक्यात गुंडाळून ठेवलेला. "दोन कामं तुम्ही निवडा. तिसरं मी निवडेन," ते म्हणाले.

अर्थिंग म्हणजे काय ते इथे सांगायला हवं, कारण सगळी कथा त्या खड्ड्याची आहे. मोटारीच्या आत कुठे ओल शिरली की वीज थोडी झिरपते आणि मोटारीच्या अंगावर येते. तिला जमिनीत जायला वाट करून द्यावी लागते. म्हणून पुरुषभर खड्डा खणायचा, त्यात लोखंडी पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि कोळशाचे थर, वर पाणी, आणि मोटारीपासून त्या पाइपापर्यंत जाड तार. पाइप आणि माती एकमेकांना घट्ट धरून असतील तर वीज गुमान खाली जाते. नसतील, तर मोटारीला हात लावणारा माणूस हीच तिची वाट. काम नीट झालं की नाही ते अर्थ टेस्टरवर कळतं. आकडा जितका लहान, तितकं अर्थिंग चांगलं.

मी निवडलेलं पहिलं काम शेठजींचं दुकान. ते पास झालं. नानांनी स्क्रू काढून बोर्ड उलटा केला, पेन्सिलीने लिहिलेलं वाचलं आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. पाठीमागे बघायला कोणीतरी आलं होतं! आबा हवे होते असं फार वाटलं.

दुसरं काम पाचोऱ्याची जिनिंग फॅक्टरी. चैत्र संपत आलेला, ऊन मी म्हणत होतं. रीडिंग माझ्या पेन्सिलीच्या आकड्यापेक्षाही चांगलं आलं. मी खूश. नाना मात्र खड्ड्याकडे बघत उभे राहिले. खड्ड्यावर हिरवंगार अळू माजलं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात अळू असं सहज दिसत नाही. तिथला म्हातारा रखवालदार लाजत म्हणाला, "साहेब, रोज दोन बादल्या पानी टाकस मी. भाजीले व्हस."

"भास्करराव," नाना मला म्हणाले, "हे काम पास आहे. पण ते तुमच्यामुळे की अळवामुळे, हे मला अजून कळलेलं नाही."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

माझी कामांची डायरी चाळून तिसरं काम त्यांनी निवडलं ते सोनगीरजवळच्या एका शेतातलं. धुळ्याहून एसटीने आग्रा रोडवर उतरून पुढे बांधाबांधाने चालायचं. शेत एका अक्कांचं होतं. पन्नाशीच्या, नऊवारीचा काचा मारून स्वतः पाणी भरणाऱ्या. त्यांनी पितळी तांब्या पुढे केला.

"या भाऊ, बसा. पानी ल्या."

नानांनी विचारलं, "मोटार कशी चालते अक्का?"

"चांगली शे. पन हात लावा का मुंग्या येतस."

मी तांब्या खाली ठेवला.

"कधीपासून?" नानांनी विचारलं.

"उन्हाळा लागना का येतस. पावसाळामा काहीच नही. आम्हले वाटनं, लाइटनी मोटार शे, असंच ऱ्हास. म्हनीसन ती फळी ठेवेल शे. बठ्ठा फळीवर उभा राहीसन खटका दाबतस."

मोटारीपुढे खरंच एक लाकडी फळी होती, घरातल्या सगळ्यांचे पाय लागून लागून मधे गुळगुळीत झालेली. म्हणजे दोन उन्हाळे हे घर त्या फळीच्या जिवावर जगत होतं. एखाद्या दिवशी कोणी घाईत अनवाणी, ओल्या पायांनी फळीच्या अलीकडेच उभं राहिलं असतं तर!

नानांनी दांडा फिरवला. काट्याने जी उडी घेतली ती घेतली, खाली येईचना. मग त्यांनी बोर्ड उलटा केला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, रीडिंग तीन ओहम, तारीख श्रावणातली, खाली भास्कर.

"खोटं लिहिलं होतंत?"

"नाही नाना. तीनच आलं होतं. शपथ घेतो."

"शपथ नको. खड्डा दाखवा."

खड्ड्यापाशी गेलो आणि माझी चूक मला उघडी पडलेली दिसली. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे खानदेशातलं शेंबडं पोरही जाणतं. पाइपाभोवतीची माती सुकून मागे सरली होती. मधल्या फटीत माझा पंजा मनगटापर्यंत गेला. श्रावणात चिखल होता तेव्हा मी मोजलं, आकडा झकास आला, मी लिहिला आणि आलो. वैशाखात काय होईल याचा विचार केलाच नाही. इथेच जन्मलो, याच मातीत खेळलो, भेगांमध्ये गोट्या हरवल्या, आणि ती माती वाचायला विसरलो.

त्या दिवशी तात्पुरता बंदोबस्त केला. मोटारीचा झिरपा शोधून बांधला, खड्ड्यात पाणी ओतलं, अक्कांना पुन्हा येईपर्यंत फळी काढू नका म्हणून सांगितलं. परतताना एसटीच्या थांब्यावर निंबाखाली बसलो. नानांनी अर्थ टेस्टर फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. मग म्हणाले, "मी जे पाहिलं ते लिहीन. दोन कामं बरोबर, एक चूक. चुकीच्या रिपोर्टवर सही तुमच्या आबांची आहे, तेही लिहीन. तुमचं नाव कागदावर कुठे नाही. तेवढ्यावर तुमचं लायसन होऊन जाईल."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी गप्प बसायचं, बस पकडायची आणि जळगावला जायचं, एवढंच करायचं होतं. तिघंजण माझ्या भरवशावर थांबलेले होते. पण डोळ्यांपुढे आबा येत होते, पान चघळत, पेन उघडत. तू बघितलंस ना? मग मी बघितलं.

"नाना," मी म्हणालो, "सही आबांची, पण रीडिंग माझं. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. चूक त्यांच्या नावावर लिहू नका. आणि हे एकच काम नाही. पावसाळ्यात मोजलेली सगळीच अशी असणार."

"किती आहेत?"

"डायरी बघून सांगतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नानांनी टोपी काढून घाम पुसला. "दुरुस्त करा आणि मला बोलवा. मग बघू पत्राचं," ते म्हणाले.

डायरीत अकरा निघाली. अर्जाच्या शेवटच्या तारखेला अठरा दिवस होते. मी तिघांना खरं ते सांगून टाकलं. म्हणालो, या भानगडीत लायसन हुकू शकतं, ज्याला दुसरीकडे जायचं त्याने जावं. पाचोऱ्याचे दोघे एकमेकांकडे बघत राहिले. उस्मानभाईंनी विडी विझवली. "खड्डे खोदायला लायसन लागत नाही ना?" त्यांनी विचारलं. मग चौघंही उठलो.

तोडगा पाचोऱ्याच्या अळवानेच दाखवला होता. जिथे मोटारीचं पाणी हौदात पडतं आणि हौदातून सांडतं, तिथे बारा महिने ओल असते. खड्डा तिथेच घ्यायचा, आणि काळी माती संपून खालचा मुरूम लागेपर्यंत खोल न्यायचा. पाइपाच्या तोंडाला नरसाळं बसवायचं, म्हणजे उन्हाळ्यात वरून पाणी घालता येईल. पहिला खड्डा अक्कांचा घेतला. सोनगीरला किल्ला आहे, आणि जुन्या किल्ल्याच्या आसपास चार परके लोक भर उन्हात पुरुषभर खड्डा खणू लागले की लोकांना एकच गोष्ट सुचते. दुपारपर्यंत निम्मं गाव बांधावर जमलं. एक म्हातारेबुवा खड्ड्यात वाकून बघत होते. "हंडा लागना का?" त्यांनी विचारलं. उस्मानभाई आतून ओरडले, "लागेल ना बाबा, थोडं पानी आना!" लोकांनी हौसेने पाणी आणलं. आम्ही खड्ड्यात मीठ आणि कोळसा ओतायला लागलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे असे पडले की मला त्यांचीच दया आली.

बाकी ठिकाणी कोणी शंका घेतली, कोणी चहा दिला. एक शेतकरी तर आधी वावरात पाय ठेवू देईना. "चांगलं चाली ऱ्हायनं, त्याले काबर हात लावतस?" हा त्याचा सवाल. त्याला मोटारीच्या अंगाला टेस्टर लावून दिवा पेटलेला दाखवला, तेव्हा तो स्वतः कुदळ घेऊन आला. आणि प्रत्येक ठिकाणी काम संपलं की नाना यायचे. सत्तरीकडे झुकलेला माणूस, डोक्यावर छत्री, काखेत पेटी, एसटीने आणि पायी. आले की आधी दांडा फिरवायचे आणि मग पाणी प्यायचे. मी एकदा म्हणालो, नाना, इतक्या उन्हात कशाला, आकडा मी पोस्टाने कळवतो. तर म्हणाले, "तो तुम्ही पाहिलेला आकडा झाला."

सतराव्या दिवशी नऊ खड्डे झाले होते. दोन राहिले. नानांनी बंद पाकीट हातात दिलं. "दोन राहिलेत हे लिहिलं आहे," ते म्हणाले. मी पाकीट उघडलं नाही. आत काय असेल या विचाराने ते जड वाटत होतं. अर्ज गेला.

मुंबईला मुलाखतीचं बोलावणं श्रावणात आलं. टेबलापलीकडे तिघं साहेब. मधल्यांनी शेठजींचं पत्र वाचलं, किंचित हसले आणि बाजूला ठेवलं. मग नानांचं उघडलं. बराच वेळ वाचत राहिले.

"हे शिफारसपत्र आहे की तक्रार?" त्यांनी विचारलं. "अकरा चुकांची यादी आहे इथे. गाव, विहीर, जुनं रीडिंग, नवं रीडिंग. दोन अपूर्ण म्हणून लिहिलंय. त्यांचं काय झालं?"

"झाले साहेब. अर्ज पाठवला त्याच आठवड्यात. नानांनी तेही पाहिले."

"या सगळ्या रिपोर्टांवर सही दुसऱ्याची आहे. तुम्ही बोलला नसतात तर कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

जे होतं ते सांगितलं. "साहेब, आबा उत्तर द्यायला नव्हते."

साहेबांनी पुन्हा पत्राकडे पाहिलं. "शेवटची ओळ तुम्हाला माहीत आहे?" मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "माझ्या स्वतःच्या घराचं वायरिंग याच माणसाने केलेलं आहे, यापेक्षा अधिक शिफारस मला करता येत नाही."

मी चक्रावलो. नानांच्या घरात मी एक खिळासुद्धा ठोकला नव्हता. न पाहिलेलं अक्षर न लिहिणारा माणूस, आणि हे? खरं बोलावं तर नाना खोटे ठरतात, गप्प बसावं तर मी. पण निंबाखाली एकदा तोंड उघडलं होतं, ते आता मिटणं शक्य नव्हतं. "साहेब, त्यांच्या घराचं काम मी केलेलं नाही," मी म्हणालो.

तिघं साहेब एकमेकांकडे बघायला लागले. मधले साहेब पत्राची घडी घालत म्हणाले, "तुमच्या नानांनी खाली तळटीप दिली आहे. ती मी मुद्दाम वाचली नव्हती. 'हे काम व्हायचे आहे. अर्जदार ही गोष्ट आपण होऊन सांगेल.' या तुम्ही."

बाहेर येऊन मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही.

लायसन रजिस्टर पोस्टाने आलं. माझ्या नावाचं. ते मी आधी आबांच्या फोटोपुढे ठेवलं, मग आईच्या हातात दिलं. त्याच आठवड्यात धुळ्याहून एक पोस्टकार्ड आलं. आजही ते माझ्याकडे आहे. "भास्करराव, जन्मात पहिल्यांदा मी न पाहिलेल्या कामाचा दाखला दिला आहे. तो खोटा ठरण्याआधी येऊन काम सुरू करावे. शिडी घरात आहे."

आम्ही चौघंही गेलो. माझ्या लायसनवरचं ते पहिलं काम. भुरभुरलेल्या जुन्या वायरी उतरवल्या, नव्या सागवानी पट्ट्या ठोकल्या, परसात मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा घेतला. बाहेर पाऊस लागलेला होता. नाना दिवसभर खुर्ची टाकून बसून होते, पण एकदाही उठून बघायला आले नाहीत. संध्याकाळी शेवटचा बोर्ड भिंतीवर चढवण्याआधी मी तो उलटा धरला, पेन्सिलीने तारीख घातली आणि नाव लिहिलं. नानांच्या पेटीतल्या अर्थ टेस्टरवर आकडा दोन आला होता. तो मी लिहिला नाही.

नाना खुर्चीतूनच म्हणाले, "रीडिंगची जागा कोरी का ठेवलीत?"

"वैशाखात येऊन लिहितो," मी म्हणालो.

नाना उठले, खिशातला टेस्टर काढला आणि माझ्या शर्टाच्या खिशाला लावला.